थोरली असं बोलणार नाही

मे महिन्यात माझ्या टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येऊन पडतात आणि मी मोठ्या आनंदानं दात-ओठ खायला बसतो. दरवर्षी प्रश्न मीच सुचवतो : ‘कादंबरीतील संवादांतून पात्रांचे स्वभाव कसे प्रकट होतात, ते लिहा.’ आणि दरवर्षी सगळी लेकरं एकमुखानं लिहितात, ‘संवाद हा स्वभावाचा आरसा असतो.’ आरसा! हा आरसा पहिल्यांदा कोणत्या गाईडवाल्यानं टांगला, ठाऊक नाही. सापडला तर त्याला मी पोंभुर्ण्याकडच्या आमच्या गावी नेईन, घराच्या सपरीत माझी आई आणि माझी मोठीआई यांच्या मधोमध बसवीन आणि म्हणेन, बसा साहेब, दाखवा आता कोणाच्या बोलण्यात कोण दिसतं ते. तासाभरात त्याचा आरसा फुटेल. तो स्वतः शाबूत राहील, याचीही हमी मी देत नाही.

मी ब्रह्मपुरीत मराठी शिकवतो. तपासणीची खोली रस्त्याकडे आहे. याच दिवसांत रस्त्यावरून पोत्यांनी भरलेला एखादा ट्रक जातो आणि मागे वास सोडून जातो. वाळत्या तेंदूपानाचा वास. हिरवट, तुरट, उन्हात भाजलेला. तो नाकात शिरला की लाल पेन आपोआप खाली ठेवलं जातं. मग मी ब्रह्मपुरीत नसतो. सपरीत असतो, मांडीवर पुठ्ठा उखडलेली कादंबरी असते आणि दोन्ही बाजूंनी दोन बायका माझ्या डोक्यावरून एकमेकींवर दगड भिरकावत असतात. दगड म्हणजे शब्द. पण लागायचे दगडासारखेच.

आमची सपरी म्हणजे घरापुढची लांबलचक कौलारू पडवी. आंगण एक, सपरी एक, चुली दोन. एक चूल मोठीआईची, म्हणजे माझ्या मोठ्या काकूची. दुसरी आईची. मे महिन्यात दोघी पहाटे जंगलात जाऊन तेंदूची पानं तोडून आणायच्या. दुपारी ती पानं एकावर एक रचायची, सालीच्या दोरीनं बांधून पुडे करायचे आणि ऊन कललं की फळीवर न्यायचे. फळी म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा. ठेकेदाराचा मुन्शी तिथं पुडे घेतो आणि उन्हात मांडतो.

भांडण त्या फळीवरच जन्मलं. माझ्या बी.ए.च्या परीक्षेच्या आदल्या हंगामात मोठीआई मुन्शीला सगळ्यांदेखत म्हणाली होती, “सुमनचे पुडे पाहून घेजो जी. हात हलका आहे तिचा.” सुमन म्हणजे माझी आई; मोठीआई तिला ‘सुमे’ म्हणायची आणि ती मोठीआईला ‘बाई’. मुन्शीनं तिचा पुडा सोडला, पानं कमी तर भरली नाहीत ना, ते मोजून पाहिलं. पुडा बरोबर निघाला. पण चारचौघांत सोडला गेला, तो गेलाच. आईनं तो पुन्हा बांधला, घरी आली आणि त्या दिवसापासून मोठीआईशी बोलणं बंद केलं. मोठीआईनंही लगेच बंद केलं. मागं राहायला ती काय कमी होती?

आता अबोला म्हटलं की शहरातल्या माणसाला शांतता आठवते. बिचारा! आमच्याकडे अबोल्यासारखी बडबड नाही. समोरच्या बाईशी बोलायचं नाही, एवढाच नियम. मग तिला जे सांगायचं ते कोणाला तरी सांगावं लागतं. आमच्या आंगणात एक लंगडी कोंबडी होती. ती या कामी नेमलेली होती.

“काऊन वं कोंबडे,” मोठीआई तिला विचारायची, “आज लोकायची भाजी करपली का काय? वास येऊन राह्यला.”

“सांग वं तिले,” आई त्याच कोंबडीला म्हणायची, “आमची करपते तरी. काही जनींच्या चुलीवर काही चढतच नाई.”

कोंबडी दोन्ही घरचे दाणे खायची आणि दोघींकडे पाहून मान हलवायची. इतका निष्ठुर, निःपक्षपाती श्रोता मला पुढं विद्यापीठातही भेटला नाही.

जंगलात कोंबडी नसायची. आणि जंगलात गप्प राहून चालत नाही. पानं तोडताना बाई वाकलेली असते. वाकलेलं, मुकं काही दिसलं की वाघाला ते आपलं वाटतं. म्हणून बायका घोळक्यानं जातात आणि सारख्या एकमेकींना आवाज देत राहतात. कोणाचा आवाज थांबला की बाकीच्या ताठ उभ्या राहतात. आमच्या दोघी कशा आवाज देणार? त्या झाडांना शिव्या द्यायच्या. एका बाजूनं मोठीआई ओरडायची, “काय हे झाड! वरून गोड, अंदर सारं किडलेलं!” पळसापलीकडून आई ओरडायची, “किडलं तरी सावली देते! काही झाडायले तं काटेच काटे!” सगळा घोळका पोट धरून हसायचा. एकदा मोठीआईचा आवाज थोडा वेळ आला नाही, तर आईनं हातातली पानं टाकली आणि जिवाच्या आकांतानं किंचाळली, “कुठी मेलं ते काटेरी झाड?” लांबून उत्तर आलं, “आहे अजून! कोनाच्या बापाचं काय जाते?” मग आईनं खाली वाकून पुन्हा पानं तोडायला घेतली. हे मी स्वतः पाहिलंय, कारण त्या हंगामात मीही पानं तोडायला जायचो.

त्या वर्षी माझी बी.ए.ची परीक्षा लांबली होती. मराठीच्या पेपराला एक जुनी, जाडजूड, मान्यवर कादंबरी होती. मी ती घेऊन घरी आलो आणि सपरीत आडवा पडून मनातल्या मनात वाचू लागलो. आईला ते पटलं नाही.

“मोठ्यानं वाच,” ती म्हणाली. “शिकून राह्यला का झोपून राह्यला, आमाले कसं समजन?”

मला तर हेच हवं होतं. धान निघालं की गावोगाव नाटकं होतात, ती पाहतच मी वाढलेलो. मी उठून बसलो, घसा खाकरला आणि प्रत्येक पात्राला वेगळा आवाज देऊन वाचायला लागलो. सपरीत सावली एकच, त्यामुळं एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला मोठीआई, मधे मी आणि माझ्यासमोर कोंबडी. मोठीआईची मुलगी वैशू दारात बसून पानं निवडायची आणि हसू दाबायची.

कादंबरीत एक भलंमोठं घर होतं, त्यात दोन जावा होत्या आणि त्यांचं पटत नव्हतं. हे वाचताना माझ्याही लक्षात आलं की प्रकरण रंगणार. आमच्या सरांनी वर्गात दोघींचे स्वभाव आधीच उतरवून दिले होते. थोरली : कावेबाज, अहंकारी, कलहप्रिय. धाकटी : सोशिक, शालीन, मितभाषी. मला वाटलं, आई घरातली धाकटी, ती धाकटीची बाजू घेणार, मोठीआई थोरलीची. दोन्ही बाजूंनी सैन्य उभं राहील आणि मी मधे बसून मजा पाहीन.

झालं भलतंच. कादंबरीतल्या धाकटीच्या हातून पितळेची घागर आपटते आणि ती मान खाली घालून म्हणते, ‘माझंच चुकलं.’ मी हे असं काही कळवळून वाचलं की माझेच डोळे भरले. आई फिस्सकन हसली.

“ऐकलं का वं कोंबडे? घागर पडली तवा गप्प होती. सासरा दारात आला अन् मंग म्हनते, माझंच चुकलं! ते त्याच्यासाठी बोलली. लय पोचलेली बाई आहे. मी अशी जाऊ घरात नाई ठेवली असती.”

मी वही काढून सरांचं टिपण पाहिलं. शालीन, मितभाषी. पुन्हा पान पाहिलं. सासरा खरोखरच दारात आला होता. सरांच्या ते लक्षात आलेलं नसावं.

थोरलीचं बोलणं आलं की मोठीआई तापायची. थोरलीची रीत अशी की ती कधी थेट काही मागत नाही, थेट काही बोलत नाही. ‘आमचं काय हो, आम्ही सांगून मोकळ्या,’ म्हणते आणि निघून जाते. घरात कार्य आहे, धाकटीला बोलवायला हवं, तर ही म्हणते, ‘येणारे येतील. न येणाऱ्यांची वाट कोण पाहतं?’

“भेकड आहे,” मोठीआईनं कोंबडीला निकाल सांगितला. “भांडाचं हाय तं पुरं भांड ना! अर्धं बोलते अन् पदर झटकून चालली. अशी बाई मले डोळ्यापुढं नाई चालत.”

रोज दुपारी हेच. प्रत्येकीनं आपल्या जागेवरच्या बाईचा द्वेष करायचा, आणि तो इतक्या बारकाव्यानं की कोणतं वाक्य कोणापुढं म्हटलं, कोण ऐकत होतं, काय गिळलं, सगळं उकलून ठेवायचं. धाकटी ‘बरं’ म्हणाली की आई दोरी ओढून घट्ट गाठ मारायची. “या ‘बरं’मध्ये जहर आहे, कोंबडे. शिवी देऊन टाकली असती तं परवडलं असतं.” मी आवाज बदलून कितीही फसवायचा प्रयत्न केला, धाकटीचं वाक्य गोड करून वाचलं, थोरलीचं खडबडीत, तरी त्यांना चकवता यायचं नाही. नाव वाचायच्या आधीच त्या सांगायच्या, हे कोण बोललं.

असं सगळं छान शत्रुत्वात चाललेलं असताना वैशूला सोयरीक आली. चामोर्शीचा मुलगा, शाळेत मास्तर. वैशूनं त्याला एका लग्नात पाहिलं होतं. त्यानंही हिला पाहिलं होतं. बाकी मला तिनं सांगितलं नाही, पण निवडलेली पानं ती पुन्हा न निवडलेल्या ढिगात टाकायला लागली, त्यावरून मला समजलं.

अडचण अशी होती की आमच्या घरात मुलीला पाहुण्यांसमोर आई आणत नाही, काकू आणते. ही जुनी रीत, आणि ती पाहुण्यांनाही माहीत. वैशूची काकू म्हणजे माझी आई. ती समोर आली नाही, तर पाहुणे चहा पितील, घर फुटलेलं आहे हे ओळखतील आणि दुसरीकडे मुलगी पाहायला जातील. फुटक्या घरात कोण सोयरीक करतं?

“सांग वं कोंबडे,” आई म्हणाली, “बोलावल्याशिवाय मी पाय टाकत नाई.”

“ज्याले याचं तो येईन,” मोठीआई म्हणाली. “पाय धराले मी बसली नाई.”

पुरुषांनी मधे पडून पाहिलं. दोघे भाऊ एकाच आंगणात बसून चहा प्यायचे, त्यांचं छान होतं, म्हणून त्यांचं कोणी ऐकत नव्हतं.

पाहुणे यायच्या आदल्या दुपारी वैशूनं मला न्हाणीच्या भिंतीमागं ओढलं. तिचे डोळे सुजले होते. “तू रोज एवढं वाचतं,” ती म्हणाली, “आज एक वाक्य तुया मनचं वाच. थोरली धाकटीले बोलावते असं. त्याईले काय माहीत पुस्तकात काय हाय?”

काय कल्पना! नाटक पाहून वाढलेल्या माणसाला याहून मोठी संधी कोणती? मी पुस्तक उघडलं, दोन परिच्छेद इमानदारीनं वाचले आणि मग पानावरची नजर न हलवता थोरलीला बोलतं केलं. आवाजात कंप आणला. एक हुंदकाही घातला. ‘धाकटे, झालं गेलं विसरून जा गं. उद्या घरी पाहुणे यायचे आहेत. तू ये. तुझ्यावाचून माझ्या घराला शोभा नाही.’

दोन्ही टोकांना पानांची सळसळ थांबली. मी मनात म्हटलं, जिंकलो.

“खोटं!”

“खोटं!”

दोघी एकदम ओरडल्या. कोंबडी फडफडून आंगणात पळाली.

“हे थोरली नाई बोलत! नाई का वो बाई?”

“हे तिचं बोलनंच नाई! नाई का वं सुमे?”

दोन प्रश्न हवेत एकमेकांवर आपटले. माझ्या कानांनी दोन्ही एकाच वेळी ऐकले, कोणत्याही न्यायालयात मी हेच सांगेन. मग दोघी माझ्यावर तुटून पडल्या. लबाड कुठला, थोरलीनं एवढ्या दिवसांत कधी हुंदका दिला नाही, आज कशी रडली, मनचं घुसडते, असाच पेपर लिवशीन अन् नापास होशीन. वर्षभराचा राग त्यांना एकत्र काढायला माणूस मिळाला होता. आईनं तर शेवटचा घाव घातला :

“थोरली कधी ‘ये’ म्हनूच शकत नाई. ती म्हनते, येणारे येतील.”

आणि आई थांबली. मोठीआईही थांबली. हे वाक्य आदल्याच दिवशी या सपरीत कोणी म्हटलं होतं, ते कोंबडीला सोडून सगळ्यांना आठवलं. ज्याले याचं तो येईन.

मोठीआईनं हातातलं पान उलटंपालटं करून पाहिलं. तिचा चेहरा मी बाजूनं पाहत होतो. रागानं तापलेला होता, पण राग कोणावर, हे ठरत नव्हतं.

“मी नाई तशी,” ती म्हणाली. कोंबडीला नव्हे. कोंबडी केव्हाच पळाली होती. “सुमे, उद्या येजो. पोरीले तूच बाहेर आनजो.”

आईचं तोंड उघडलं. मला वाटलं आता ती ‘बरं’ म्हणणार. तोंडाच्या आकारावरून तो शब्द मला दिसलाही. पण तिनं तो गिळला.

“येईन,” ती म्हणाली. “पन मुन्शीपुढं तुमी माया पुडा सोडाले लावला, ते मी मरेपर्यंत नाई विसरनार.”

“नको विसरू,” मोठीआई म्हणाली. “मीबी नाई विसरत, तू मले काटेरी झाड म्हनलं ते.”

आणि दोघी पुन्हा पुडे बांधायला लागल्या. वैशू घरात पळाली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. तिनं ‘माझंच चुकलं’ वगैरे काही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी आईनं वैशूला पाहुण्यांसमोर आणलं, सोयरीक जमली, विहारात लग्न लागलं. वैशू आजही चामोर्शीला आहे आणि नवऱ्याशी पुरं, सरळ, तोंडावर भांडते. मी पेपरात लिहिलं की धाकटीच्या ‘बरं’मध्ये विष आहे, आणि घागरीचा प्रसंग सासऱ्याच्या येण्यासकट मांडला. जेमतेम गुण मिळाले. ज्यांनी आरसा लिहिला, ते प्रथम वर्गात आले. गाईडवाल्यांशी माझं वैर तिथून सुरू होतं आणि ते मी आनंदानं जोपासलं आहे.

त्या दुपारचं एकच भांडण मिटलं नाही. पहिले कोण बोललं? आमच्याकडे अबोला ज्यानं मोडला तो हरला. आई म्हणायची, बाई बोलल्या पहिले. मोठीआई म्हणायची, सुमीच बोलली. प्रत्येक तेंदूच्या हंगामात हा खटला उभा राहायचा, साक्षीदार म्हणून मला बोलावलं जायचं आणि मी एकदमच ऐकल्याचं सांगितलं की दोघी मला फितूर ठरवायच्या.

गेल्या हिवाळ्यात मोठीआईला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तिची खाट आता सपरीत असते, तिच्याच टोकाला. आईला जंगलात जाववत नाही, पण शेजारच्या बायका पानं आणून देतात आणि ती खाटेजवळ बसून पुडे बांधते. या मे महिन्यात मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊनच गावी गेलो. सपरीत बसलो. आई म्हणाली, “मोठ्यानं वाच.”

मी वाचलं : ‘संवाद हा स्वभावाचा आरसा असतो.’ पुढची उघडली : ‘संवाद हा स्वभावाचा आरसा असतो.’ आईनं तिसऱ्यालाच हात वर करून मला थांबवलं.

“बाई,” ती खाटेकडे वळून म्हणाली, “आता तरी खरं सांगा. पहिले कोन बोललं होतं?”

तिला काय ऐकायचं होतं, मला माहीत नाही. बहुधा तिला हरायचं होतं. मोठीआईनं तिच्याकडे पाहिलं. मग डावा हात उचलला. हळूहळू. मला वाटलं, आईच्या गालाला लावणार. हात हवेत स्थिर झाला, एक बोट ताठ झालं आणि ते आईच्या छातीवर रोखलं गेलं.

तू.

चेहऱ्याची चालती अर्धी बाजू हसत होती. लबाड, विजयी हसू.

आई लाल झाली. पानं, दोरी, बसायचं पोतं, सगळं उचलून तरातरा सपरीच्या दुसऱ्या टोकाला गेली. आंगणात हल्ली एक पांढरी कोंबडी आहे, जुनीच्या कोणत्या पिढीतली कोण जाणे. आईनं तिला हाक मारली.

“कोंबडे, सांगून दे तिले. आजपासून मी बोलत नाई म्हनाव. वाचा गेली तरी खोटेपना नाई गेला.”

एवढं बोलून ती गप्प झाली, आणि खाटेकडे कान देऊन बसली. पान हातात तसंच. मग मोठीआईचा डावा हात खाली आला आणि खाटेच्या लाकडी कडेवर आपटला. ठक. पुन्हा, जोरात. ठक.

आईचे खांदे सैल झाले. तिनं पानावर पान ठेवलं.

“ऐकलं का वं कोंबडे?” ती म्हणाली. “उलटून बोलते.”